कोलंबस, इंडियाना : दोन दिवसांत काय पाहावे आणि काय सोडून द्यावे?

प्रश्न
सदस्य : पौड फाटा

नमस्कार. माझ्या यजमानांची बदली जूनमध्ये पुण्याहून इंडियाना राज्यातील कोलंबस या गावी झाली असून, आमच्या सात वर्षांच्या मुलीसह आम्ही सध्या येथेच राहतो. हे ओहायो राज्याच्या राजधानीचे कोलंबस नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. हा खुलासा करण्याचे कारण असे, की आमच्या नणंदबाईंनी सासू-सासऱ्यांचे विमानाचे तिकीट घाईघाईत त्याच कोलंबसचे काढले आणि ते बदलून इंडियानापोलिसचे करून घेताना आम्हाला चांगलाच भुर्दंड बसला. आमचे कोलंबस इंडियानापोलिसच्या दक्षिणेला मोटारीने तासाभराच्या आत येते आणि त्याची वस्ती जेमतेम ५० हजारांची आहे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सासू-सासरे येत आहेत. सासरे कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्समध्ये तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. मूळ कमिन्स कंपनीच्या ज्या गावाहून इंजिनांचे आराखडे येत असत, ते गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची फार जुनी इच्छा आहे. सासूबाईंना बागांची आणि देवळांची आवड आहे. मात्र त्यांचे गुडघे दुखतात आणि जिने त्यांना अजिबात चालत नाहीत.

पर्यटन केंद्रात चौकशी केली, तेव्हा त्यांनी मला एक नकाशा दिला. त्यावर पाहण्यासारख्या वास्तू म्हणून सत्तरहून अधिक ठिपके आहेत. त्यांपैकी तीन ठिकाणी मी जाऊन आले, तर एक शाळा निघाली, एक बँक आणि एक अग्निशमन केंद्र! आपल्याकडे ऐतिहासिक वास्तू म्हटले, की निदान दोनशे वर्षांचा दगडी दरवाजा तरी असावा, अशी अपेक्षा असते. शनिवारवाड्याच्या अंगणात वाढलेल्या माणसांना मी 'ऐतिहासिक स्थळ' म्हणून अग्निशमन केंद्र दाखवले, तर ते मला काय म्हणतील, याची कल्पनाच केलेली बरी.

येथे राहिलेल्या किंवा स्थापत्याची जाण असलेल्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. दोन दिवसांत काय दाखवावे, कोणत्या क्रमाने दाखवावे, कमिन्सचे उद्योगपती मिलर यांचे घर तिकीट काढून पाहण्याच्या योग्यतेचे आहे का, आणि काय निःशंकपणे वगळावे?

उत्तर १
सदस्य : रेघोट्या

मी वास्तुविशारद आहे. शिक्षण मुंबईत झाले आणि गेली काही वर्षे मी शिकागोत काम करतो. कोलंबसला चार वेळा जाऊन आलो, त्यातल्या पहिल्या वेळी तुमच्यासारखाच नकाशा हातात घेऊन ठिपके मोजत फिरलो आणि संध्याकाळी डोके दुखण्यापलीकडे काहीही हाती लागले नाही. म्हणून पहिली सूचना अशी, की तो नकाशा घरी ठेवावा आणि सासू-सासऱ्यांना थेट पाचव्या रस्त्यावर घेऊन जावे.

या रस्त्याच्या एका छोट्या तुकड्यावर गावाचा सगळा इतिहास जवळजवळ एका नजरेत मावतो. पर्यटन केंद्र स्वतःच १८६४ च्या एका घरात आहे. त्याच्या शेजारी आय. एम. पेई यांनी बांधलेले क्लिओ रॉजर्स स्मारक ग्रंथालय आहे, ते १९६९ चे. ग्रंथालयाच्या पलीकडे अर्विन या येथल्या सावकार कुटुंबाचा जुना वाडा असून, १९१० मध्ये त्याचे रूप बदलताना त्यांनी पाँपेईतल्या घरांच्या धर्तीवर बाग करवून घेतली. त्या बागेत हत्तीचा एक पुतळासुद्धा आहे, तो सासूबाईंना आवडावा. आणि रस्त्याच्या समोरच्या बाजूला, ग्रंथालयाकडे तोंड करून, एलिएल सारिनेन यांचे फर्स्ट ख्रिश्चन चर्च उभे आहे. हेल्सिंकीचे रेल्वे स्थानक ज्यांनी बांधले, तेच हे फिनलंडचे सारिनेन.

चर्च १९४२ मध्ये पूर्ण झाले. त्या काळी अमेरिकेतल्या लहान गावातले चर्च म्हणजे उतरते छप्पर, टोकदार कमानी आणि रंगीत काचा हे ठरलेलेच असे. येथे फिकट पिवळसर विटांची एक सरळ, लांबोळी पेटी आहे, तिच्या दर्शनी भिंतीवर चुनखडीच्या दगडाच्या चौकटी आहेत आणि शेजारी १६६ फूट उंचीचा, वर निमुळता न होणारा चौकोनी मनोरा आहे. भिंतीवरचा क्रॉस मधोमध नाही. तो मुद्दाम एका बाजूला घेतलेला आहे आणि आत गेल्यावरही हाच तोल दिसतो. आपल्याकडचा गाभारा नेहमी मध्यरेषेवर असतो, त्यामुळे येथे बसल्यावर सुरुवातीला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. थोड्या वेळाने लक्षात येते, की बाजूने येणारा उजेड आणि बाजूला सरकलेला क्रॉस एकमेकांना तोलून धरतात. सासूबाईंना देवळांची आवड आहे, असे आपण लिहिले आहे, म्हणून त्यांना येथे दहा मिनिटे नुसते बसू द्यावे. माहिती सांगत बसू नये.

आणखी एक दुवा सांगण्याजोगा आहे. या चर्चच्या कामात थोरल्या सारिनेनांना त्यांचा मुलगा एरो आणि चार्ल्स ईम्स या दोन तरुणांनी मदत केली होती. याच ईम्स यांनी पुढे १९५८ मध्ये पत्नी रे यांच्यासह भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला आणि त्यातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचे जे कौतुक आहे, ते वाचलेल्या माणसाला या चर्चमधल्या साध्या लाकडी आसनांकडे पाहताना वेगळेच काहीतरी दिसते.

चर्च आणि ग्रंथालय यांच्यामध्ये विटांचे एक मोकळे अंगण आहे. ते मिळावे म्हणून पेई यांनी तेथला रस्ताच बंद करून घेतला. त्या अंगणात हेन्री मूर यांची वीस फूट उंचीची ब्राँझची कमान १९७१ पासून उभी आहे. ब्राँझवर हिरवट गंज चढला आहे आणि पायथ्याशी, जिथे मुलांचे हात पोहोचतात, तिथे तो घासून निराळा झाला आहे. लोक त्या कमानीखालून पुस्तके घेऊन ग्रंथालयात जातात. तिच्यामागे पेईंच्या विटांच्या भिंती आणि वळून पाहिले, की सारिनेनांचा मनोरा. या गावात काय घडले, हे समजून घ्यायला ही एकच जागा पुरेशी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे अर्धा तास बसलेल्या माणसाने उरलेले सहासष्ट ठिपके पाहिले नाहीत, तरी त्याचे फारसे नुकसान होत नाही.

आता अग्निशमन केंद्राविषयी. आपण पाहिलेले केंद्र बहुधा चौथ्या क्रमांकाचे असावे. रॉबर्ट व्हेंच्युरी यांनी ते १९६८ मध्ये बांधले आणि त्याच्या अर्धगोल मनोऱ्यावर ४ हा भला मोठा आकडा आहे. तो मनोरा शोभेचा नाही. आगीवर पाणी मारून आल्यावर ओले पाइप उभे टांगून वाळवण्यासाठी तो आहे. व्हेंच्युरींचे म्हणणे थोडक्यात असे, की साधी इमारत साधीच असावी आणि आपण काय आहोत ते तिने मोठ्या अक्षरांत सांगावे, म्हणजे दुकानाच्या पाटीसारखे. स्थापत्याच्या विद्यार्थ्याला ही इमारत फार महत्त्वाची आहे. आपल्या सासूबाईंना मोटारीतून जाता जाता दाखवली, तरी चालेल.

मिलर यांच्या घराविषयी विचारले आहे. तिकीट जरूर काढावे आणि आजच काढावे, कारण एका वेळी मोजकीच माणसे नेतात आणि शरदातल्या जागा लवकर भरतात. पर्यटन केंद्रापासून गाडी नेते आणि परत आणून सोडते. हे घर एरो सारिनेन यांनी जे. अर्विन मिलर आणि झीनिया मिलर यांच्यासाठी बांधले व ते १९५७ मध्ये पूर्ण झाले. अंतर्भाग अलेक्झांडर जिरार्ड यांचा आणि बाग डॅन काइली यांची. दिवाणखान्याच्या मध्यभागी जमीन चौकोनी खोलगट केलेली आहे आणि तिच्या चारही कडांना बैठका आहेत, त्यामुळे उभ्या माणसाच्या दृष्टीच्या आड काहीच येत नाही आणि खिडकीतून बाग थेट आत येते. बैठकींचे अभ्रे ऋतूप्रमाणे बदलले जात. एका भिंतीला ५० फूट लांबीचे कपाट आहे, त्यात जिरार्ड यांनी जमवलेल्या लोककलेच्या वस्तू मांडल्या आहेत. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भारतीय वस्त्रांचे जे मोठे प्रदर्शन झाले, त्याची मांडणी याच जिरार्ड यांची होती. रंगांची निवड पाहताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

बाहेर काइलींनी हनी लोकस्ट झाडांची एक सरळ दुहेरी रांग लावली आहे. ऑक्टोबरच्या शेवटी तिची बारीक पिवळी पाने खाली पडलेली असतील. सासूबाईंसाठी त्या दोन दिवसांतली सर्वांत चांगली जागा हीच ठरेल, असा माझा अंदाज आहे. घर एकमजली असल्यामुळे गुडघ्यांचाही प्रश्न नाही.

उत्तर २
सदस्य : सतरा हिवाळे

वरचे उत्तर वाचनीय आहे, परंतु ते वास्तुविशारदाचे आहे. मी येथे सतरा वर्षे राहते आणि या काळात पुण्याहून, सांगलीहून, नागपूरहून आलेल्या निदान पंधरा आई-वडिलांना गाव दाखवले आहे. माझा अनुभव असा, की ज्येष्ठ माणसांना एकामागून एक दोन चर्च दाखवली, तर दुसऱ्या चर्चमध्ये ती घड्याळाकडे पाहू लागतात. म्हणून क्रम बदलावा, असे मी सुचवते. आधी जुने गाव दाखवावे आणि मग नवे, म्हणजे नव्याचे नवेपण कळते.

गावाच्या मध्यभागी बार्थोलोम्यू जिल्ह्याचे न्यायालय आहे. आयझॅक हॉजसन यांनी ते १८७४ मध्ये बांधले. लाल विटा, उंच घड्याळाचा मनोरा आणि कोपऱ्यांवर उभट छपरे, असा त्याचा थाट आहे. शनिवारवाड्याइतके जुने नाही, पण पाहताक्षणी 'हो, हे ऐतिहासिक' असे ज्येष्ठांच्या तोंडून निघते आणि मग पुढचा प्रवास सोपा होतो. त्याच आवारात युद्धात मरण पावलेल्या स्थानिक सैनिकांचे स्मारक आहे, १९९७ मधले. त्यात चुनखडीच्या दगडाचे पंचवीस चौकोनी खांब आहेत, प्रत्येक ४० फूट उंच, पाच ओळींत पाच, आणि एकमेकांच्या इतके जवळ, की मधून माणूस अंग चोरूनच जातो. बाहेरून खांब खडबडीत दिसतात. आत शिरल्यावर त्यांच्या गुळगुळीत बाजूंवर नावे आणि सैनिकांनी घरी पाठवलेल्या पत्रांतला मजकूर कोरलेला दिसतो. ही पत्रे साधी आहेत. घरच्यांची चौकशी, परत आल्यावर काय करायचे आहे, असे. माझी आई इंग्रजी अडखळत वाचत असे, तरी ती तेथे अर्धा तास उभी होती आणि बाहेर आल्यावर कितीतरी वेळ काही बोलली नाही. हे ठिकाण नकाशावर लहानसा ठिपका आहे. माझ्या यादीत ते पहिल्या तिनांत येते.

तेथून वॉशिंग्टन रस्त्यावर चालत झॅहाराकोस गाठावे. तीन ग्रीक भावांनी १९०० मध्ये काढलेले हे आइस्क्रीमचे दुकान आहे. मधली तीन वर्षे ते बंद होते, परंतु डागडुजी करून २००९ मध्ये पुन्हा उघडले. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनातून आणलेले ऑनिक्स दगडाचे सोडा फाउंटन (सोडावॉटर देणारे नळयंत्र), कोरीव लाकूडकाम आणि १९०८ चा एक यांत्रिक वाद्यवृंद तेथे आहे. एका अवाढव्य कपाटात बासऱ्या, ढोल, झांजा असे सगळे बसवलेले असते आणि ते कागदी गुंडाळीवर आपोआप वाजते. ते वाजू लागले, की लहान मुले आणि आजोबा सारख्याच चेहऱ्याने पाहतात. आपल्याकडील मंडळी शाकाहारी असल्यास आइस्क्रीमवरच समाधान मानावे. तेथले प्रसिद्ध सँडविच खिम्याचे असते.

मुलीसाठी त्याच रस्त्यावरच्या कॉमन्स या सार्वजनिक दालनात जावे. तेथे जॉं टँग्ली यांचे 'केऑस १' नावाचे तीस फूट उंच, भंगाराच्या लोखंडातून केलेले यंत्रशिल्प आहे. ते चालू असते, तेव्हा मोठाले गोळे रुळांवरून गडगडत जातात. त्याचा उपयोग काय, असे माझ्या मुलाने विचारले होते. मला उत्तर देता आले नाही आणि त्यानेही आग्रह धरला नाही.

एक व्यावहारिक सूचना : रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, त्या वेळी कॅमेरा घेऊन आत जाऊ नये. आणि मिलर यांच्या घराविषयी मात्र माझे 'रेघोट्या' यांच्याशी पूर्ण एकमत आहे.

पुन्हा प्रश्नकर्ती
सदस्य : पौड फाटा

दोघांचेही मनापासून आभार. मिलर यांच्या घराची चार तिकिटे आजच काढली. एक शंका उरते. सासरे फोनवर सारखे विचारत आहेत, की इंजिनांच्या कंपनीचा आणि या चर्च-ग्रंथालयांचा संबंध काय? मी 'कंपनीने देणग्या दिल्या' असे मोघम उत्तर दिले, तर ते म्हणाले, "देणग्या तर सगळेच देतात, मग सगळीकडे असे का झाले नाही?" यावर मला काही सुचले नाही.

उत्तर ३
सदस्य : डिझेल मिस्त्री

आपल्या सासऱ्यांचा प्रश्न नेमका आहे. मीही कोथरूडचाच, त्यामुळे याचे उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो.

अर्विन हे या गावातले सावकार घराणे. डब्ल्यू. जी. अर्विन यांच्याकडे क्लेसी कमिन्स नावाचा एक तरुण मोटारचालक होता आणि त्याला यंत्रांचे वेड होते. त्याच्यासाठी अर्विन यांनी पैसे घातले आणि १९१९ मध्ये कंपनी निघाली. कितीतरी वर्षे नफ्याचे नाव नव्हते. १९२९ च्या नाताळच्या दिवशी कमिन्सने एका जुन्या पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवून मालकाला फेरी मारून आणली, त्यानंतर अर्विन यांनी पुन्हा पैसे घातले. पहिला नफा दिसायला १९३७ साल उजाडले. जे. अर्विन मिलर हे या डब्ल्यू. जी. अर्विन यांच्या बहिणीचे नातू. त्यांनी १९३० च्या दशकात कंपनीत पाऊल टाकले आणि पुढे कित्येक दशके तिची धुरा वाहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर गावात मुले वाढली आणि शाळा भराभर बांधाव्या लागल्या. घाईत बांधलेल्या शाळा चांगल्या होत नव्हत्या. तेव्हा मिलर यांनी शाळा मंडळापुढे प्रस्ताव ठेवला, की आम्ही नामवंत वास्तुविशारदांची एक यादी देऊ, त्यांतला एक मंडळाने स्वतः निवडावा आणि त्याची फी कमिन्सच्या प्रतिष्ठानाने भरावी. बांधकामाचा खर्च मंडळाचाच, निर्णयही मंडळाचाच. त्यातून हॅरी वीस यांची श्मिट शाळा १९५७ मध्ये उभी राहिली आणि पुढे ही सवलत सर्वच सार्वजनिक इमारतींना मिळू लागली. म्हणून अग्निशमन केंद्र व्हेंच्युरींचे आहे.

सासऱ्यांना सांगावे, की ही देणगी नव्हे. ही आराखड्याच्या टेबलावरची गुंतवणूक आहे. कारखान्यात ज्याने काम केले, त्याला हे चटकन कळेल. इमारतीच्या एकूण खर्चात वास्तुविशारदाची फी हा लहानसा भाग असतो, पण पुढची पन्नास वर्षे इमारत कशी चालेल, हे त्याच भागात ठरते. शिवाय पुतळ्याखाली नाव कोरून घेण्याचा मोह टाळून पैसा नेमक्या जागी लावला, हे विशेष. मिलर यांचा स्वार्थही होता आणि त्यांनी तो लपवला नाही. मक्याच्या शेतांमधल्या या गावात चांगले अभियंते येऊन राहावेत, तर त्यांच्या मुलांसाठी शाळा चांगली हवी. आपण आज तेथे राहता, त्यामागे तो हिशेब आहेच. याच मिलर यांनी अमेरिकेतल्या चर्च-संघटनांच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष असताना, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या आयोजनाला हातभार लावला होता. उद्योगपतीच्या चरित्रात असे प्रकरण सहसा सापडत नाही.

मला एक गोष्ट मात्र खटकते, ती लिहून टाकतो. एका घराण्याच्या जोरावर उभे राहिलेले गाव त्या घराण्यानंतर काय करते, हा प्रश्न आता समोर आला आहे. एरो सारिनेन यांचे नॉर्थ ख्रिश्चन चर्च, म्हणजे षट्कोनी छप्पर आणि १९२ फूट उंचीची सुई असलेली ती सुंदर इमारत, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९६४ मध्ये पूर्ण झाली. तेथे वेदी एका टोकाला न ठेवता मधोमध ठेवलेली आहे आणि भाविक तिच्या सभोवती बसत. भाविक कमी होत गेले आणि २०२२ मध्ये त्या चर्चची मंडळी विसर्जित झाली. इमारत आता जिल्ह्याच्या ग्रंथालयाकडे आली आहे. एरो यांचीच १९५४ ची काचेची बँक अजून तशीच उभी आहे, पण तिथे बँक राहिलेली नाही. गावच्या वर्तमानपत्राच्या १९७१ च्या काचेच्या इमारतीत पूर्वी छपाईचे पिवळे यंत्र रस्त्यावरून चालताना दिसे. वर्तमानपत्र तेथून हलले आणि आता तिथे इंडियाना विद्यापीठाचा स्थापत्याचा अभ्यासक्रम चालतो. ही शेवटची अदलाबदल मला योग्य वाटते. सुईवाल्या चर्चचे पुढे काय होते, याकडे मात्र माझे लक्ष आहे.

कंपनीचे मुख्य कार्यालय केव्हिन रोश यांनी बांधले. तेथे सेरिअलाइन नावाची एकोणिसाव्या शतकातली मक्याची गिरणी होती. ती न पाडता रोश यांनी नवी इमारत तिच्याभोवती बांधली. आत रुडॉल्फ डी हॅराक यांनी केलेली मांडणी आहे : एनटीसी-४०० हे अख्खे इंजिन सुटे करून त्याचा प्रत्येक भाग आपापल्या जागेपासून थोडा दूर, हवेत टांगलेला आहे. हे चालू कार्यालय असल्यामुळे तेथे कोणीही केव्हाही जाऊ शकेल, असे गृहीत धरू नये; आपल्या यजमानांनी आधी विचारून ठेवावे. ते इंजिन सासऱ्यांना दाखवल्याशिवाय त्यांना परत पाठवू नका, एवढी विनंती.

प्रश्नकर्तीचे निवेदन, नोव्हेंबर
सदस्य : पौड फाटा

मंडळी येऊन गेली, म्हणून लिहिते. तुम्हा तिघांच्या सूचना मिसळून आम्ही क्रम लावला होता. त्यातले काही जमले, काही फसले.

न्यायालय आणि त्याच्या आवारातले खांब पहिल्या सकाळी पाहिले. सासूबाई खांबांच्या मधोमध गेल्या आणि तेथून त्यांनी मला हाक मारली, की हे पत्र वाचून दाखव. मी वाचत गेले आणि त्या प्रत्येक वाक्यानंतर "पुढे?" असे विचारत राहिल्या. मग त्यांनीच खांबाला हात लावून विचारले, की हा दगड इथलाच का? तो इंडियानातलाच आहे आणि न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीलाही इंडियानाचीच चुनखडी लावली आहे, असे सांगितल्यावर त्यांनी सासऱ्यांना मुद्दाम बोलावून ते ऐकवले.

चर्चमध्ये दहा मिनिटे गप्प बसण्याचा सल्ला फसला. आमच्या मुलीने पाचव्या मिनिटाला "क्रॉस चुकून बाजूला लागलाय" असे मोठ्याने सांगितले आणि शांततेचा भंग झाला. सासरे मात्र लगेच उठले, मागे जाऊन उभे राहिले, एक डोळा मिटून बघत राहिले आणि "चुकलेला नाही, तोलला आहे" असा निर्णय देऊन परत बसले. त्यांना उत्तर १ दाखवलेले नव्हते, हे मी शपथेवर सांगते.

मिलर यांच्या घरी सासूबाईंना खोलगट बैठक अजिबात पटली नाही. पायऱ्या मोजक्याच होत्या, परंतु उतरून बसल्यावर उठायचे कसे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. स्वयंपाकघर मात्र त्यांनी बारकाईने पाहिले आणि जेवणाच्या गोल टेबलाच्या मध्यभागी बसवलेले पाण्याचे कारंजे पाहून, "पानात थेंब उडत नसतील का?" असे मला हळूच विचारले. बागेतल्या झाडांच्या रांगेत त्या सर्वांत शेवटी बाहेर आल्या. गाडीचालकाला त्यांच्यासाठी थांबावे लागले.

यजमानांनी परवानगी काढून ठेवल्यामुळे सासऱ्यांना टांगलेले इंजिन पाहता आले. त्यांनी त्याला पाऊण तास दिला. प्रथम एक पूर्ण प्रदक्षिणा, मग उलटी प्रदक्षिणा. कोथरूडला याच एन मालिकेची इंजिने त्यांच्या हातून गेली होती. एका लहानशा भागाकडे बोट दाखवून ते म्हणाले, की हा आमच्याकडे एकदा तीन आठवडे आला नव्हता आणि अख्खी ओळ थांबली होती. तो भाग कोणता, ते त्यांनी सांगितले, पण माझ्या लक्षात राहिले नाही. त्यांनी नातीला मात्र नाव पाठ करून घ्यायला लावले.

'सतरा हिवाळे' यांच्या यादीत नसलेली एक जागा आम्हाला योगायोगाने मिळाली. गावाच्या पश्चिम कडेला मिल रेस उद्यान आहे. पूर्वी तेथे कातडी कमावण्याचा कारखाना आणि हलाखीची वस्ती होती. १९९२ मध्ये मायकेल व्हॅन व्हॅल्केनबर्ग यांनी त्याचे आजचे रूप केले. उद्यानाच्या कडेला ड्रिफ्टवूड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या मिळतात आणि पुढे व्हाइट नदीचा पूर्वेकडचा फाटा म्हणून वाहू लागतात. संगम आहे, असे कळल्यावर सासूबाईंनी गुडघ्यांची तक्रार बाजूला ठेवली आणि काठापर्यंत चालत गेल्या. पाण्याला हात लावता येईल, अशी उतरती जागा काही सापडली नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी, वेळ नसतानाही, आम्ही पुन्हा तेथे गेलो, त्या वेळी त्यांनी हातातल्या बाटलीतले पाणी काठावरून खाली सोडले आणि यजमानांना म्हणाल्या, "आता चल, सामान भरायचंय."